चांद्याचे लोखंड आणि युरियाची गोणी



युरियाची गोणी ज्याच्या पडवीत कधी पडली नाही असा आपल्या कारखान्याचा सभासद शोधून सापडायचा नाही. आणि लोखंडाशिवाय तर आपले पानही हलत नाही. नांगराचा फाळ, विहिरीवरचा पंप, गाडीची धाव, कारखान्यातली गव्हाण, मिलचे रोलर, बॉयलर, सगळा लोखंडाचाच संसार. पण या दोन वस्तूंचे एकमेकींशी काही नाते असेल, असे आजवर आपल्यापैकी कोणाच्या मनात आले नसेल. ते नाते आता जुळू पाहते आहे. ज्या अमोनिया वायूपासून युरिया होतो, त्याच वायूने खनिजातले लोखंड मोकळे करता येते, असे जर्मनीतील शास्त्रज्ञांनी २०२३ साली दाखवून दिले.

बातमी फुटली तशी गटसभांतून विचारणाही झाली. "उद्या पोलादवाले अमोनिया प्यायला लागले, तर आमच्या उसाला युरिया कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. हसण्यावारी नेण्याजोगा नाही. म्हणून हा विषय जरा मुळापासून मांडावा असे आम्ही ठरविले. आणि मुळापासून मांडायचा तर आपल्या राज्याच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात जावे लागते. महाराष्ट्रातले मोठे लोखंड तिथे आहे. शिवाय भट्टीत लोखंडाच्या जोडीला काय घालायचे, या एका प्रश्नावर त्या भागाचे नशीब एकदा अडले होते.

एकशे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट

विदर्भात लोखंड काही आजचे नाही. नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची जुनी भट्टी सापडली. तिचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ७०० वर्षे असा धरतात. म्हणजे अडीच हजार वर्षांहून अधिक काळ या मुलखात माणूस दगडातून लोखंड काढतो आहे. मातीची छोटी भट्टी, चामड्याचा भाता, जंगलातल्या लाकडाचा पाडलेला कोळसा आणि टेकडीवरचा जड लालसर दगड, एवढेच सामान. पुढे विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागले, जंगल कायद्यांनी कोळसा पाडणे अवघड झाले, आणि गावोगावच्या भट्ट्या विझत गेल्या.

त्याच सुमारास जमशेटजी टाटांचे लक्ष चांद्याकडे गेले. नागपूरची एम्प्रेस मिल त्यांनी १८७७ सालीच सुरू केली होती, त्यामुळे हा भाग त्यांना नवा नव्हता. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि तिथून फार दूर नसलेल्या वरोऱ्याला दगडी कोळसा आहे, असे त्यात लिहिले होते. लोखंड आणि कोळसा एकाच जिल्ह्यात! आणखी काय हवे? टाटांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीला नेऊन तपासून घेतला. उत्तर आले, हा कोळसा उपयोगाचा नाही.

कोळसा जळत होता, आगगाडी ओढत होता, मग लोखंडाला का चालेना? कारण झोतभट्टीला साधा कोळसा चालत नाही, कोक लागतो. विशिष्ट जातीचा कोळसा हवाबंद भाजला की त्याचा कडक, सच्छिद्र कोक होतो. तो भट्टीत खनिजाचा भार पेलतो आणि त्यातून वारा खेळता ठेवतो. वरोऱ्याच्या कोळशाचा कोक होईना. त्यातच खाणीच्या परवान्याच्या सरकारी अटी जाचक होत्या. टाटांनी तो विचार सोडून दिला. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूवैज्ञानिक वेल्ड यांनी पुन्हा चांद्याचा मुलूख पायाखाली घातला. तेव्हाही जमले नाही. अखेर कारखाना गेला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, आणि १९१२ साली तिथे पहिले पोलाद निघाले.

आम्हांला ही हकिगत फार बोलकी वाटते. चांद्याला दगडाची ददात नव्हती. अडले ते दगडातून लोखंड सोडविणाऱ्या जिनसेपाशी.

सोडविणारा कोण?

लोहखनिज म्हणजे काय? सोप्या भाषेत बोलायचे तर गंज. आपल्या कोयत्यावर चढतो तोच, फक्त कोट्यवधी वर्षांचा आणि डोंगराएवढा. त्यात लोखंड आणि प्राणवायू एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. लोखंड हवे असेल तर प्राणवायूला त्याच्यापासून ओढून न्यायला कोणीतरी पाहिजे. आपल्या कारखान्यात रसातला मळ चुना आणि गंधकाचा धूर घालून काढतात, तसाच काहीसा प्रकार समजा. प्राणवायू ओढून नेणाऱ्या या पदार्थाला शास्त्राच्या पुस्तकात क्षपणक म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपे आहे.

आजपर्यंत हे काम कोळशाने केले. कोळशातला कार्बन प्राणवायूला घेऊन धुराड्यातून बाहेर जातो, लोखंड मागे राहते. कोळसा दोन कामे एकदम करतो, भट्टी तापवतो आणि प्राणवायूही ओढतो. नांगरही ओढावा आणि शेणखतही द्यावे अशी ही बैलाची जात आहे, म्हणूनच तो इतका स्वस्त पडला. पण बाहेर जाणारा धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आपल्या देशात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाऊस वेळेवर का पडत नाही, थंडी का हटली, ऊस तुऱ्यावर लवकर का येतो, या चर्चा आपण पारावर करतो. त्या सगळ्याचे खापर एकट्या पोलादावर फोडता येणार नाही, पण जगात माणूस जितका हा वायू सोडतो त्यातला सुमारे सात टक्के पोलादाच्या वाट्याचा आहे, हे विसरूनही चालणार नाही.

चंद्रपूरकरांना तर याची वेगळी ओळख नको. २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, स्पंज आयर्नच्या भट्ट्या, सगळे एकाच टापूत. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक टापूंची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथे आले. ही काही मिरविण्यासारखी पदवी नाही.

सुरजागड ते कोनसरी

टाटांना जे अडले ते पुढे दुसऱ्या वाटेने सुटले. फिरत्या लांब भट्टीत, म्हणजे आडव्या नळकांड्यासारख्या कलत्या भट्टीत, खनिज आणि साधा कोळसा एकत्र तापवला की कोक नसतानाही लोखंड मोकळे होते. ते वितळत नाही. दगडाचा आकार तसाच राहतो, आत भोके भोके पडतात. म्हणून त्याला स्पंज आयर्न म्हणतात. पुढे ते विजेच्या भट्टीत वितळवून पोलाद करायचे. आज भारत जगात सर्वांत जास्त स्पंज आयर्न करणारा देश आहे आणि त्यातले बहुतेक कोळशावरच होते. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस येथे लॉइड्स मेटल्सचा असा कारखाना आहे.

त्याच कंपनीला गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर २००७ साली सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मिळाला. (गडचिरोली जिल्हा चांद्यातून वेगळा झाला तो १९८२ साली, जुन्या मंडळींच्या तोंडी अजून चांदाच असतो.) पट्टा मिळाला, पण काम चालेना. नक्षलवाद्यांनी २०१३ साली कंपनीच्या एका उपाध्यक्षासह तिघांना ठार केले. डिसेंबर २०१६ मध्ये खाणीवरची पाऊणशेच्या आसपास वाहने जाळली. काम जोमाने सुरू झाले ते २०२१ पासून. २०२३ साली दरसाल एक कोटी टन खनिज काढण्याची परवानगी मिळाली आणि २०२५ साली ती दुपटीहून अधिक वाढविण्याचे ठरले. चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे कारखाना उभा राहिला. सुमारे ८५ किलोमीटरच्या नळातून खनिजाचा गाळ पाण्याबरोबर तिथवर वाहून नेण्याची सोयही २०२५ साली झाली. आपल्याकडे उसाच्या गाड्यांची रांग लागते. तिथे डोंगरच पातळ करून नळातून सोडला आहे म्हणा ना.

तेव्हा १८८२ सालचे स्वप्न आता खरे होते आहे, पण कोळशाच्या आधारावर. इथेच अमोनियाचा प्रश्न येतो.

अमोनिया काय करतो

अमोनिया म्हणजे एक भाग नत्र आणि तीन भाग हायड्रोजन. दूध संघाच्या शीतगृहाजवळून जाताना कधी नाकाला झोंबतो, तोच हा. १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊ येथे हवेतल्या नत्रापासून अमोनिया करण्याचा पहिला मोठा कारखाना हाबर आणि बॉश यांच्या पद्धतीने सुरू झाला. आज जगाचे निम्मे अन्न त्याच्यावर पिकते असे म्हणतात ते उगाच नाही. आपल्याकडे अलिबागजवळ थळला १९८५ साली राष्ट्रीय केमिकल्सचा जो खत कारखाना सुरू झाला, तो बॉम्बे हायच्या वायूपासून अमोनिया आणि त्यापासून युरिया करतो.

आता हा वायू तापलेल्या लोहखनिजावर सोडला तर काय होते? डुसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेत यान मा, डिर्क राबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ७०० अंश तापमानाला हा प्रयोग केला. त्यापूर्वी २०११ साली जपानी संशोधकांनीही कमी तापमानाला असे काम केलेले होते. अमोनियातला हायड्रोजन खनिजातल्या प्राणवायूला धरतो, त्याचे पाणी होऊन वाफेच्या रूपाने निघून जाते. नत्र जसा हवेत होता तसा परत हवेत जातो. मागे लोखंड राहते. कार्बन मुळातच नाही, मग कार्बनचा धूर कुठून येणार? जर्मन मंडळींना असे दिसले की शुद्ध हायड्रोजनने जितक्या वेगाने काम होते, जवळजवळ तितक्याच वेगाने अमोनियानेही होते.

कोणी म्हणेल, मग थेट हायड्रोजनच का वापरू नये? वापरतातच. स्वीडनमध्ये हायड्रोजनवर केलेले पहिले पोलाद २०२१ साली गिऱ्हाइकाच्या हाती पडले. आपल्या पोलाद मंत्रालयानेही २०२४ साली हायड्रोजनचे तीन प्रायोगिक प्रकल्प मंजूर केले. पण हायड्रोजन हा फार उनाड वायू आहे. त्याला पातळ करायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावे लागते. अमोनिया उणे ३३ अंशांना पातळ होतो, आणि दाब दिला तर साध्या हवामानातही टाकीत राहतो. शिवाय एक लिटर पातळ अमोनियात सुमारे १२० ग्रॅम हायड्रोजन मावतो, तर एक लिटर पातळ हायड्रोजनमध्ये ७० ग्रॅमच. रस नेण्यापेक्षा गूळ करून नेणे सोपे, तसाच हा हिशेब. ज्या मुलखात स्वस्त ऊन-वारा आहे तिथे अमोनिया करायचा आणि जहाजाने, टँकरने खनिजाच्या दारी आणायचा. जहाजे, टाक्या, नळ ही सगळी व्यवस्था खतामुळे आधीच उभी आहे.

आणखी एक गंमत त्यांना आढळली. भट्टी थंड होताना थोडा नत्र लोखंडाच्या अंगावर बसून त्याचे नायट्राइड बनते. यंत्रशाळेत काम केलेल्यांना नायट्रायडिंग माहीत असेल. गिअर आणि क्रँकशाफ्ट कडक करायला त्यांना अमोनियाच्या भट्टीत भाजतात, तोच गुण. स्पंज आयर्नची मोठी अडचण अशी की ते सच्छिद्र असल्यामुळे ओल लागली की तापते, गंजते, प्रसंगी पेटतेही. नायट्राइडचा थर त्याला राखतो. पुढे वितळवताना तो नत्र सुटून जातो.

हे सारे प्रयोगशाळेत झाले आहे. अमोनियावर चालणारा लोखंडाचा व्यापारी कारखाना भारतात नाही. अडचणीही आहेत. कोळसा स्वतः उष्णता देतो. हायड्रोजन किंवा अमोनिया खनिजाशी काम करताना उलट उष्णता खातो. म्हणजे भट्टी तापवायला वीज वेगळी हवी. न वापरलेला अमोनिया धुराड्यातून सुटला किंवा भलत्या तऱ्हेने जळला तर नत्राचे विषारी ऑक्साइड होतात. एक धूर घालवून दुसरा आणला असे होता कामा नये.

आता आपला हिशेब

शास्त्रज्ञांचे त्यांच्यापाशी. आपण आपल्या मापाने मोजू.

एक टन लोखंड खनिजातून सोडवायला, काहीही वाया न जाता, सुमारे ३०५ किलो अमोनिया लागतो. ४५ किलोची युरियाची एक गोणी करायला साधारण साडेपंचवीस किलो अमोनिया जातो. म्हणजे एक टन लोखंड बरोबर युरियाच्या बारा गोण्या. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. एकरी १६० किलो, म्हणजे सगळे नत्र युरियातून दिले तर पावणेआठ गोण्या. एक टन लोखंडाचा अमोनिया म्हणजे दीड एकर आडसालीचे वर्षाचे नत्र. सुरू उसाचे धरले तर अडीच एकरांचे.

कोनसरीसारख्या ठिकाणी वर्षाला दहा लाख टन लोखंड अमोनियावर करायचे ठरले, तर तीन लाख टनांवर अमोनिया हवा. गोण्यांच्या भाषेत एक कोटी वीस लाख. थळच्या अमोनियाच्या दोन संचांची मूळ क्षमता रोज १,३५० टन प्रत्येकी होती. त्यांच्या वर्षाच्या उत्पादनाचा तिसरा हिस्सा या एका भट्टीला लागेल. साऱ्या जगाचे पाहिले तर आज सुमारे १८ कोटी टन अमोनिया होतो आणि त्यातला बहुतेक खतात जातो. तो सगळाच्या सगळा भट्टीत घातला, एक दाणाही युरिया केला नाही, तरी जगाला दरसाल लागणाऱ्या खनिजापासूनच्या लोखंडाचे निम्मेही काम व्हायचे नाही.

तेव्हा भीती अगदीच खोटी नाही. पण आहे तो अमोनिया पोलादवाला पळवील असे आम्हांला वाटत नाही, आणि त्याचे कारण सरळ आहे. आज आपल्याकडे होणारा अमोनिया नैसर्गिक वायूपासून होतो. तो करतानाच टनामागे दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बराचसा वायू परदेशातून येतो. असला अमोनिया भट्टीत घातला तर धूर फक्त कोनसरीऐवजी दुसऱ्या गावी निघाला, एवढेच. पूर्वीपेक्षा कमी, पण निघाला खराच. म्हणून भट्टीसाठी हवा तो पाणी विजेने फोडून केलेला, ज्याला आजकाल हरित अमोनिया म्हणतात.

या हरित मालाचा भाव ऐका. २०२५ साली केंद्र सरकारच्या सौरऊर्जा महामंडळाने खत कारखान्यांसाठी त्याचे लिलाव केले, तेव्हा किलोला साधारण ५० ते ६५ रुपयांचे भाव निघाले. म्हणजे एक टन लोखंडामागे नुसत्या वायूचे पंधरा ते वीस हजार रुपये. कोळशाशी आजच्या घडीला त्याची बरोबरी नाही. पण याच हिशेबाची दुसरी बाजू आपल्यालाही पाहिली पाहिजे. आपण युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना घेतो. तिच्यातला अमोनिया हरित करायचा म्हटले तर किलोला ५५ रुपयांनी तेवढ्याचेच चौदाशे रुपये होतात. मधला फरक सरकार भरणार की नाही, भरले तर किती वर्षे, हा खरा प्रश्न. युरोपने जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या पोलादावर आणि खतावर कार्बनचा आकार लावायला सुरुवात केली आहे. पोलादवाल्याला तो चुकवायचा असेल तर हरित अमोनियाला तो चढा भाव देईल आणि तो भाव गिऱ्हाइकाकडून वसूल करील. उसाला ती सोय नाही. आपला भाव दिल्लीत ठरतो. एकाच टाकीपाशी दोघे उभे राहिले तर खिसा कोणाचा मोठा, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून शेतीच्या वाट्याचा अमोनिया आधी बाजूला काढून मग उद्योगाचा विचार व्हावा, अशी मागणी सहकारी संस्थांनी आतापासूनच लावून धरली पाहिजे, असे आमचे मत आहे.

विजेचेही पाहा. एक टन हरित अमोनियाला सुमारे दहा हजार युनिट वीज लागते. एका टन लोखंडाच्या वाट्याला तीन हजार युनिट. पाच अश्वशक्तीचा पंप रोज आठ तास शंभर दिवस चालविला तर एवढी वीज लागेल. सहवीज प्रकल्पातून १५ मेगावॅट वीज बाहेर देणारा साखर कारखाना तासाला पाच टन लोखंडापुरता अमोनिया करण्याइतकी वीज देतो, असा याचा अर्थ. हंगाम संपला की तीही बंद. पाण्याचा मात्र फार बाऊ करायला नको. टन लोखंडामागे सुमारे पाचशे लिटर शुद्ध पाणी फोडावे लागते आणि भट्टीतून तेवढेच वाफेने परत निघते. उसाला पाणी पाजणाऱ्या माणसाने याला काय म्हणावे?

काही सभासद विचारतील की चिपाड, पाचट, प्रेसमडचा गॅस यांनी लोखंड होणार नाही का? होईल. ब्राझीलमध्ये निलगिरीच्या लाकडाच्या कोळशावर आजही झोतभट्ट्या चालतात. पण आपले चिपाड बॉयलरला कमी पडते, पाचट जमिनीला हवे. आहे ते सोडून लोखंडाच्या मागे लागण्यात शहाणपण नाही.

आणि एक आपल्या हातातले. युरियातले निम्म्याहून अधिक नत्र पिकाला लागतच नाही. आपल्या चुनखडीच्या भारी जमिनीत वरून फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन तो उडून जातो; दुपारच्या उन्हात फडात तो नाकालाही जाणवतो. सहा भाग युरियाला एक भाग निंबोळी पेंड चोळून, हप्त्याहप्त्याने, मातीआड करून किंवा ठिबकमधून दिला तर दोन गोण्यांत तीन गोण्यांचे काम निघते, असे शेती खात्याचे लोक सांगतात.

नदीपलीकडचा कारखाना

गडचिरोलीला अमोनिया लागलाच तर तो कुठून यायचा? सर्वांत जवळचा मोठा कारखाना आपल्या राज्यात नाही. सिरोंच्याहून गोदावरी ओलांडली की तेलंगण, आणि तिथे रामगुंडम. १९८० साली तिथे कोळशापासून अमोनिया व युरिया करणारा सरकारी कारखाना सुरू झाला होता. तो सतत अडखळत राहिला आणि १९९९ साली बंद पडला. त्याच जागी नैसर्गिक वायूवरचा नवा कारखाना २०२१ साली चालू झाला. त्याची क्षमता रोज २,२०० टन अमोनियाची आहे आणि तो सगळा युरियासाठीच आहे.

तिथून किंवा बंदरावरून टँकर आणायचे म्हटले तर जंगलातला रस्ता आहे. अमोनिया विषारी आहे. १९९२ साली सेनेगलमधील डाकार शहरात अमोनियाची एक टाकी फुटली आणि शंभरावर माणसे मेली. खत कारखान्यांत आणि शीतगृहांत हा वायू रोज हाताळला जातो, तेव्हा तो सांभाळता येत नाही असे नाही. पण जिथे तालुक्याच्या दवाखान्यात पोचायला नाला उतरायची वाट पाहावी लागते, तिथे सांभाळण्याचा खर्च आणि जबाबदारी कोणाची, हे कागदावर आधी ठरले पाहिजे.

डोंगर

आता जे अमोनियाने सुटणार नाही त्याबद्दल. भट्टी कितीही स्वच्छ झाली तरी खनिज डोंगरातूनच यायचे. सुरजागडच्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे. दरवर्षी जानेवारीत तिथे यात्रा भरते, दूरदूरच्या गावांतून माणसे पायी येतात. आपल्या जेजुरीचा किंवा जोतिबाचा डोंगर खणायला निघाला तर आपल्याला काय वाटेल, तेच त्यांना वाटते. २०२३ साली एटापल्ली तालुक्यात तोडगट्टा येथे नव्या खाणींविरुद्ध लोक कित्येक महिने ठाण मांडून बसले होते. रस्त्यावरच्या खनिज-ट्रकांची धूळ आणि पावसात भाताच्या बांधीत उतरणारा लाल गाळ, या तिथल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या तक्रारी आहेत. २०२५ साली खनिज शुद्ध करण्याच्या प्रकल्पासाठी नऊशे हेक्टरांवर वनजमीन देण्यास केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली. त्या जमिनीवर लाखाहून अधिक झाडे आहेत.

दुसरीही बाजू आहे. काम नसलेल्या जिल्ह्यात हजारो हातांना काम मिळाले. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते कोनसरीत कामगारांना कंपनीचे शेअर वाटले गेले, त्यांत शरण आलेले नक्षलवादीही होते. आम्ही शेअरवाले लोक आहोत, याचे मोल आम्हांला कळते. पण सहकारी कारखान्यात शेअर एक असो की शंभर, मत एकच. तिथे तसे नाही.

त्याच गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क वनहक्क कायद्याने मिळविला, आणि पुढे बांबू स्वतः तोडून स्वतः विकला. ग्रामसभेत सगळ्यांचे एकमत झाल्याखेरीज तिथे निर्णय होत नाही. खाणीच्या, नळाच्या आणि उद्या आलीच तर अमोनियाच्या टाकीच्या प्रश्नावरही गावोगावच्या ग्रामसभांना हाच हक्क कायद्याने आहे. तो किती ठिकाणी खरोखर विचारला गेला, यावरच तिथले भांडण चालू आहे.